रिकाम्या गॅलरीतून मॉरिशस

गुरुवार, पोर्ट लुईस

मुंबई ते मॉरिशस प्रवासात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो आणि भारतीयांना त्याचे पैसे पडत नाहीत. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग मात्र कागदावर काढून ठेवा. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं, की झालं.

बायकोला समुद्र बघायचा होता, मला फुटबॉल. "मॉरिशसला जाऊन फुटबॉल?" असं ती निघाल्यापासून विचारत होती. कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की अर्धं शहर कामधंदा सोडून गॅलरीत असतं. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या या बेटावरही एकेकाळी असंच वेड होतं आणि एका हंगामानंतर ते विझलं, एवढं वाचून माहीत होतं. तो हंगाम 1998-99 चा. त्याच्या खुणा कुठे दिसतात का, ते बघायचं होतं.

सकाळी सेंट्रल मार्केटजवळ धोल पुरीच्या गाडीवर उभे राहिलो. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली, गूळ न घातलेल्या पुरणपोळीसारखी मऊ पोळी. दोन पोळ्या एकावर एक, त्यांत मोठ्या पावट्याची उसळ, टोमॅटोचा रुगाय आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, मग कागदात गुंडाळून हातात. एक मागितली तरी जोडीच मिळते. मिरची किती, असं गाडीवाल्याने विचारलं. मी कोल्हापुरी ऐटीत "भरपूर" म्हणालो, आणि ती खरंच भरपूर निघाली.

गाडीवाल्याच्या अंगात लिव्हरपूलचा लाल टी-शर्ट. हिंदी छान बोलत होता. इथल्या साखळीचा सामना कधी आहे, असं विचारल्यावर त्याने पोळी गुंडाळता गुंडाळता मान वर केली. "इथला? बघतं कोण?" शेजारच्या गाडीवर मँचेस्टर युनायटेडचा झेंडा लावला होता. दोघांची तिथल्या तिथे जुंपली. क्रिओलमधून, म्हणजे इथल्या रोजच्या बोलीतून, काय चाललंय ते शब्दशः कळलं नाही, पण सूर आमच्या पेठेतलाच होता.

तिथून रॉयल स्ट्रीटने चालत निघालो. जुम्मा मशिदीचं कोरीव लाकडी दार, पुढे चायनाटाउनची दुकानं, वाळवलेल्या माशांचा आणि लाल साबणाचा मिसळलेला वास. शहर इतकं आटोपशीर आहे की दहा मिनिटांत देऊळ, मशीद, चर्च आणि पॅगोडा सगळं ओलांडून होतं. ह्याच रस्त्यावर लामिकाल नावाचं जुगारघर होतं. 23 मे 1999 रोजी बेल व्ह्यूच्या मैदानावर स्काउट्स आणि फायर ब्रिगेड या दोन क्लबांत विजेतेपद ठरवणारा सामना झाला. निकाल स्काउट्सच्या विरोधात गेला. चिडलेला जमाव राजधानीत आला, आग लावली गेली आणि लामिकालमध्ये 7 माणसं जळून मेली. त्यांत लहान मुलंही होती.

त्याआधी फेब्रुवारीत काया नावाचा लोकप्रिय सेगे (इथलं सेगा आणि रेगे मिसळलेलं संगीत) गायक पोलीस कोठडीत मरण पावला होता आणि बेटभर दंगली उसळल्या होत्या. वातावरण आधीच तापलेलं होतं. त्यामुळे सगळा दोष एका सामन्याच्या माथी मारणं मला पटत नाही, पण सामना निमित्त ठरला हेही खरं.

दुपारी आप्रवासी घाट बघितला. 1834 पासून इथे भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, उतरले. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून, थोडे मुंबईहून, आणि त्या थोड्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं. 2006 पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे. आत पैसे लागत नाहीत, माहिती सांगणारे चांगले आहेत. भर दुपारी न जाता सकाळी जा, आवारात सावली कमी.

शुक्रवार, पाम्पलमूस आणि बेल व्ह्यू

उत्तरेकडची बस पोर्ट लुईसच्या इमिग्रेशन स्क्वेअरवरून सुटते. तिकीट आत कंडक्टर देतो, सुटे पैसे ठेवा, आणि संध्याकाळी उशिराच्या बसवर विसंबू नका. सहा-सातनंतर रस्ते सुनसान होतात.

पाम्पलमूसचं वनस्पती उद्यान बायकोसाठी. थाळ्यांसारखी काठ वळलेली कमळपानं सगळ्यांनी फोटोत पाहिलेलीच असतात, तरी समोर बघताना पाय निघत नाही. उद्यानाबाहेर नारळपाणी आणि मीठ-मिरची-चिंच लावलेली अननसाची फोड मिळते, ती चुकवू नका.

तिथून टॅक्सीने अंजले स्टेडियम. दोन्ही बाजूंना ऊस, मे महिना असल्याने तुरे आलेला, आणि मधेच काँक्रीटची गॅलरी डोकं वर काढते. नाव कुणाचं, असं टॅक्सीवाल्याला विचारलं तर त्याने गाडी बाजूला घेऊन सगळी गोष्ट सांगितली. 1943 च्या सप्टेंबरमध्ये बेल व्ह्यू हारेल मळ्यातले मजूर संपावर होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात अंजले कूपेन ही गरोदर मजूर बाई गेली. तिच्या नावाचं हे मैदान. देशातल्या सगळ्यात मोठ्या स्टेडियमला मंत्र्याचं किंवा राजाचं नाव न देता उसाच्या फडातल्या बाईचं नाव द्यावं, ही गोष्ट मला त्या सहलीत फार आवडली. आणि त्याच मैदानावरून 1999 ची ती संध्याकाळ सुरू झाली.

फाटकावरच्या रखवालदाराने आत डोकावू दिलं. हिरवळ बरी, खुर्च्यांचा रंग उन्हाने उडालेला. पंधरा-सोळा हजार माणसं सहज मावतील. साठीकडे झुकलेला तो माणूस म्हणाला, पूर्वी ह्या रस्त्यावर सामन्याच्या दिवशी बस हलत नसे. तुमचा क्लब कुठला, असं विचारलं. आजूबाजूला कोणी नसताना त्याने आवाज खाली आणला आणि मग सांगितलं, "फायर ब्रिगेड."

इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. मॉरिशसची जुनी साखळी समाजांप्रमाणे वाटलेली होती. डोडो क्लब गोऱ्या फ्रेंच घराण्यांचा, रेसिंग क्लब मिश्र वंशाच्या सुखवस्तू मंडळींचा, हिंदू कॅडेट्स आणि तमिळ कॅडेट्स नावाप्रमाणे, मुस्लिम स्काउट्स तसंच, ड्रॅगन्स चिनी, आणि फायर ब्रिगेडमागे आफ्रिकी वंशाचा क्रिओल समाज. 1980 च्या दशकात सरकारने नावांतून धर्म आणि जात काढायला लावली. हिंदू कॅडेट्सचे नुसते कॅडेट्स झाले, मुस्लिम स्काउट्सचे स्काउट्स, तमिळ कॅडेट्सचे सनराइज फ्लाक युनायटेड. ह्या सनराइजने 1990 च्या आसपास साखळीत दादागिरी केली. पाटी बदलली, गॅलरीत बसणारे तेच राहिले. पण त्याच भांडकुदळ साखळीतून तयार झालेला राष्ट्रीय संघ 1974 मध्ये इजिप्तला आफ्रिकन नेशन्स कपला गेला होता. मॉरिशस त्या स्पर्धेत एवढाच एकदा खेळला आहे.

1999 नंतर फुटबॉल जवळपास दीड वर्ष बंद राहिला. सुरू केला तेव्हा नियम असा, की क्लब प्रदेशाचा हवा, समाजाचा नको. मग आले एएस पोर्ट लुईस 2000, पाम्पलमूस, क्यूरपिप स्टारलाइट, सावान. विजेतेपदं वाटली गेली, पण गॅलरी भरली नाही. 2014 च्या सुमारास व्यावसायिक साखळीचा घाट घातला गेला, त्यानेही चित्र फारसं पालटलं नाही.

शनिवार, शाँ द मार्स ते क्यूरपिप

सकाळी शाँ द मार्सवर गर्दी बघून चक्रावलो. 1812 पासून इथे घोड्यांच्या शर्यती चालतात. टेकड्यांच्या पायथ्याशी गोल मैदान, बापाच्या खांद्यावर पोरं, तव्यावर मिन फ्रिट म्हणजे परतलेल्या नूडल्स, बुलेत नावाचे वाफेवरचे गोळे आणि कागदाच्या पुड्यात गातो पिमाँ, म्हणजे डाळवड्याचे मिरची घातलेले लहान भाऊ. सगळे समाज एका कठड्याला रेलून एकाच घोड्याच्या नावाने ओरडत होते. घोड्याला आडनाव नसतं, हे त्याचं भाग्य.

दुपारी मेट्रोने क्यूरपिपला निघालो. पोर्ट लुईस ते क्यूरपिप हा साधारण 26 किलोमीटरचा मार्ग आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधला. डब्यात गार, स्वच्छ, आणि खिडकीतून बो बासाँ, रोझ हिल, काटर बोर्न अशी एकमेकांना चिकटलेली गावं सरकत जातात. तिकीट स्थानकावरच्या यंत्रातून काढा.

क्यूरपिप साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या पावसाचे विनोद बेटभर चालतात. किनाऱ्यावर घाम पुसत होतो, इथे उतरल्यावर बायकोने माझं जॅकेट काढून घेतलं. तिथे जाणाऱ्यांनी छत्री आणि गरम कपडा न्यावाच, मे ते सप्टेंबर तर नक्कीच.

जॉर्ज पाचवा स्टेडियमवर सेर्कल द जोआकिमचा सामना होता. हे मैदान सहाएक हजारांचं. आम्ही गेलो तेव्हा गॅलरीत शे-दीडशे माणसं असतील, त्यांतली निम्मी खेळाडूंच्या घरची. पाऊस इतका बारीक होता की दिसत नव्हता, फक्त फळ्या ओल्या होत होत्या. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई प्लास्टिकच्या डब्यातून पावाचे तुकडे काढून लहान मुलाला भरवत होती आणि डोळे मैदानातल्या उजव्या बॅकवर. चेंडू त्याच्याकडे आला की तिचा हात हवेत थांबायचा आणि पोरगं आ वासून वाट बघायचं. तो बॅक तिचा धाकटा भाऊ निघाला. दिवसा गोदामात काम, संध्याकाळी सराव.

खेळ वाईट नव्हता. जमिनीवरून छोटे पास, दोन्ही बाजूंना चपळ विंगर. चिखलात घसरत केलेली एक टॅकल अशी होती की शाहू स्टेडियमवर असती तर फटाके फुटले असते. इथे चार टाळ्या पडल्या. रिकाम्या मैदानात एक गोष्ट मात्र मिळते, ती म्हणजे खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. गोलकीपर सलग नव्वद मिनिटं आपल्या बचावफळीला शिव्या घालत होता आणि त्यासाठी क्रिओल यावी लागत नाही.

मध्यंतरात चहा घ्यायला गेलो तेव्हा एका वयस्कर सभासदाशी गप्पा झाल्या. मी त्यांना आमच्या तालीम मंडळांबद्दल सांगितलं, की तालमीतून पेठ उभी राहते, पेठेतून संघ, आणि बापाचा संघ तोच पोराचा. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे जे आपोआप झालं, ते आम्ही कायद्याने करायला गेलो."

मला तिथेच थोडं थबकल्यासारखं झालं. 1999 नंतर काही न करून चालणारच नव्हतं, सात जीव गेले होते. पण पाम्पलमूसच्या माणसाला उद्यापासून पाम्पलमूससाठी ओरड असं सांगून तो ओरडत नाही. पेठेचा अभिमान दोन-तीन पिढ्या एका नळावर पाणी भरून, एकाच्या लग्नात दुसऱ्याने पंगत वाढून येतो. प्रदेशाची हद्द आखली, तेव्हा ती आखणाऱ्यांनी एवढा वेळ धरला होता का, असं वाटत राहिलं. आणि कोल्हापूरचा माणूस म्हणून फार शहाणपणा शिकवायचीही सोय नाही. आमच्या पेठांनीही मैदानात डोकी फोडली आहेत आणि हाणामारीपायी आमचेही सामने थांबले आहेत.

रविवार, कास्कावेल

पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्याअलीकडे कास्कावेल हे गाव. मराठी घरं बरीच. ओळखीतून ओळख काढून एका काकांकडे जेवायला बोलावणं होतं. किनाऱ्यावर सकाळ घालवली (पाणी उथळ आणि निवळ, पण पायात रबरी चपला हव्यात, समुद्री अर्चिन टोचतात) आणि बाराच्या सुमारास त्यांच्या दारात पोचलो. दाराशी तुळस, आत गणपतीची तसबीर, टीव्हीखाली मुलाची शाळेतली ढाल.

काकू म्हणाल्या, "या, बसा, पाणी देते." पहिली दोन-चार वाक्यं अशी घरच्यासारखी आणि मग गाडी क्रिओलवर जाते, तिथून हिंदीवर येते. मराठी इथे शाळेत शिकवतात, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत पुढचंही शिक्षण आहे, पण घरात रोजची क्रिओल. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते आणि झाखडीचा नाच अजून होतो. काकांनी मोबाईलवर दाखवला. गोल रिंगण, पायात चाळ, मधे ढोलकी. रत्नागिरीत बघतो तसाच, फक्त मागे नारळाऐवजी उसाचा फड.

जेवायला भात, डाळ, शेवग्याच्या पाल्याचं पातळ सार, कोंबडी आणि कोळंबी एकत्र शिजवलेला रस्सा, कोबी-गाजराचं मोहरी लावलेलं अशार. रस्सा बायकोने तीनदा मागून घेतला आणि कृती वहीत उतरवली.

जेवणानंतर मी विषय काढला. काका कॅडेट्सचे. तरुणपणी रोझ हिलला सामना बघायला गावातून व्हॅन भरून जायची, परत येताना गाणी. 1999 च्या त्या संध्याकाळी ते घरीच होते, रेडिओवर ऐकत. "नंतर गेलो नाही मी," म्हणाले. भीती वाटली का? "भीती नाही. ते नवीन क्लब आले ना, त्यात कुणासाठी ओरडायचं तेच समजेना."

त्यांचा नातू मात्र खेळतो. संध्याकाळी तो आम्हाला गावच्या मैदानावर घेऊन गेला. लाल माती, एका गोलाला जाळी आहे, दुसऱ्याला नाही. पोरं सात-सात जणांची, त्यांत मराठी, भोजपुरी, क्रिओल, मुसलमान सगळी. वाटणी कशी केली, असं विचारलं. नातू म्हणाला, "लिव्हरपूल एका बाजूला, मँचेस्टर एका बाजूला. आर्सेनलवाले कमी पडतात त्या बाजूला."

सात वाजता सगळे घरी पळाले. इंग्लिश साखळीचा शेवटचा रविवार होता, सगळे सामने एकाच वेळी सुरू, आणि तिथल्या घड्याळात बरोबर सात. काकांच्या दिवाणखान्यात पंधरा माणसं, दोन टीव्ही. धाकटा मुलगा युनायटेडचा, सून लिव्हरपूलची. "लग्नाआधी विचारलं नव्हतं," असं काकू मला हळूच म्हणाल्या. आदल्या दिवशी क्यूरपिपच्या गॅलरीत नव्हता एवढा आवाज त्या एका खोलीत होता. शेजारचे मुसलमान गृहस्थ काकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडत होते. ते पूर्वीचे स्काउट्सवाले. दोघांना एकत्र यायला दहा हजार किलोमीटर लांबचा क्लब लागला, याचं बरं वाटावं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बायकोच्या मते मी उगाच डोकं शिणवतोय, माणसं एकत्र बसून हसतायत ना.

रविवारी दुपारनंतर दुकानं बंद होतात, खाण्याची सोय आधीच करून ठेवा. कास्कावेलहून रात्री परतायला बस नाही, टॅक्सी आधी ठरवून ठेवा आणि भाडं बसण्यापूर्वी बोला.

सोमवार, माहेबुर्ग

परतीचं विमान संध्याकाळी होतं आणि माहेबुर्गचा मोठा बाजार सोमवारीच भरतो. विमानतळापासून गाव जवळ, त्यामुळे शेवटचा दिवस इथे घालवणं सोयीचं. व्हॅनिलाच्या शेंगा, मिरचीची लोणची, टोपल्या, आणि फुटबॉलचे नकली टी-शर्ट. मी मुद्दाम प्रत्येक दुकानात इथल्या एखाद्या क्लबचा टी-शर्ट मागितला. एका दुकानदाराने राष्ट्रीय संघाचा काढून दाखवला, चार पट्ट्यांच्या झेंड्याचे रंग, लाल, निळा, पिवळा, हिरवा. क्लबचा? तो हसला. मग आत जाऊन पाच मिनिटांनी एक जुनी खोकी घेऊन आला. तळाशी घडीवर पिवळी पडलेली फायर ब्रिगेडची जर्सी होती. विकायची नाही म्हणाला, बघून घ्या. फोटोही काढू दिला नाही.

सामान उचलताना टॅक्सीवाल्याला विचारलं, तुमची पोरं इथल्या साखळीत खेळली तर जाल का बघायला? "पोरगा खेळतो की," तो म्हणाला. "सावानच्या ज्युनियर संघात. दर शनिवारी असतो मी तिथे." मग विमानतळ येईपर्यंत त्या पोराच्या डाव्या पायाचं वर्णन चाललं होतं आणि बायको मागच्या सीटवर लोणच्याच्या बाटल्यांना टी-शर्ट गुंडाळत होती. बाटल्या हातसामानात नेऊ देत नाहीत, त्या चेक-इन बॅगेतच टाका, आणि झाकणाला टेप लावा.